सांधा बदलायची रांग: मागे कोण राहते आणि का?

गुडघा आणि खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आणि उत्पन्न यांच्या संबंधावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. अनेकांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. लांबलचक पत्रे आटोपशीर केली आहेत. कुणाच्या एक्स-रेवरून 'करावी की नाही' हे या सदरात सांगता येत नाही, तेवढे समजून घ्यावे.

प्रश्न: काही देशांत सरकारी खर्चाने गुडघा बदलून मिळतो. तिथेही गरिबांच्या शस्त्रक्रिया कमी होतात असे वाचले. पैसे द्यायचेच नसतील तर उत्पन्नाचा संबंध येतो कुठे?

इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेत सांधा बदलायला रुग्णाला पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही तिथल्या आकडेवारीवरचा एक अभ्यास २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत सुस्थितीतल्या भागांना गरजेच्या मानाने जेवढ्या शस्त्रक्रिया मिळाल्या, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच सर्वांत वंचित भागांना मिळाल्या, असे त्यात दिसले.

बिल सरकारने भरले तरी ऑपरेशन थिएटरपर्यंतची वाट रुग्णालाच चालावी लागते. दुखणे अंगावर न काढता डॉक्टरकडे जाणे, डॉक्टरने झीज ओळखून एक्स-रे सांगणे, अस्थितज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी मिळणे, तज्ज्ञाने शस्त्रक्रिया सुचवणे, भूल देण्याआधीच्या तपासण्यांत पास होणे आणि मिळालेल्या तारखेला खरोखर दाखल होणे अशा ६ पायऱ्या धरा. प्रत्येक पायरीवर १०० पैकी ९८ जण पुढे जात असतील तर शेवटी ८९ पोचतात. प्रत्येक पायरीवर ९० च पुढे जात असतील तर पोचतात फक्त ५३. म्हणून कुठल्याही एका पायरीवरच्या माणसाला विचारा, तो म्हणेल 'आमच्याकडे तर फारसा फरक पडत नाही'. तो खोटे बोलत नसतो. थोडी थोडी गळती गुणाकाराने वाढते आणि तिची जबाबदारी कुणा एकावर येत नाही.

एकच पायरी जवळून पाहू. गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून, पायावर वजन देऊन काढायचा असतो. झोपवून काढला तर झिजलेल्या हाडांमधली फट खोटी खोटी मोकळी दिसते. तसा एक्स-रे घेऊन रुग्ण तज्ज्ञाकडे गेला की तज्ज्ञ म्हणतात, पुन्हा काढून आणा. पगारी रजा असणाऱ्याला हा अर्ध्या दिवसाचा वैताग असतो. रोजंदारीवाल्याचा एक दिवसाचा रोजगार आणि जाण्यायेण्याचे भाडे जाते आणि पुढची वेळ कधी कधी दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते. म्हणून पहिल्याच खेपेला सांगा: गुडघ्यासाठी दोन्ही पायांवर उभे राहून समोरून, शिवाय बाजूने आणि वाटीचा वेगळा असे एक्स-रे हवेत, खुब्यासाठी पूर्ण कटीचा समोरून. सरळसाध्या झिजेसाठी एमआरआय सहसा लागत नाही. तुटपुंजी शिल्लक नेमकी त्यावर उडते आणि उभा एक्स-रे राहूनच जातो, हे दृश्य काही दुर्मीळ नाही.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या पाहणीत पाचही उत्पन्न गटांत दर हजारी शस्त्रक्रिया जवळपास सारख्याच निघाल्या. मग विषमता नाही असे म्हणायचे का?

घाई करू नका. सारखा वापर म्हणजे सारखी संधी असे धरले की हिशेब चुकतो, कारण गरजच मुळात सारखी नसते. वर्षानुवर्षे उकिडवे बसून, गुडघे टेकून किंवा ओझी उचलून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसते. शेतकाम करणाऱ्यांत खुब्याची. जुनी दुखापत आणि वजन हेही धोके आहेतच. म्हणजे खालच्या उत्पन्न गटात रुग्ण मुळातच जास्त.

समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ. सारख्या लोकसंख्येचे पाच गट, सर्वांत गरीब ते सर्वांत श्रीमंत. प्रत्येकात दर हजारी ४ शस्त्रक्रिया. पण तीव्र झीज असलेले रुग्ण दर हजारी अनुक्रमे ६०, ५०, ४०, ३० आणि २०. आता गरजूंपैकी किती जणांना शस्त्रक्रिया मिळाली ते काढा: गरीब गटात ६.७ टक्के, श्रीमंत गटात २० टक्के. तुमच्या तक्त्यात जिथे सपाट रेघ दिसते तिथे प्रत्यक्षात तिपटीचे अंतर आहे.

आरोग्य-अर्थशास्त्रात यासाठी 'केंद्रीकरण निर्देशांक' वापरतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. एखादी गोष्ट गरिबांत एकवटली असेल तर उणे, श्रीमंतांत एकवटली असेल तर अधिक, समान पसरली असेल तर शून्य. काढायची रीत सोपी आहे. गटांना गरिबाकडून श्रीमंताकडे ०.१, ०.३, ०.५, ०.७, ०.९ असे क्रमांक द्या. प्रत्येक गटाचा आकडा त्याच्या क्रमांकाने गुणा, आलेल्या गुणाकारांची सरासरी काढा, तिची दुप्पट करून मूळ आकड्यांच्या सरासरीने भागा आणि १ वजा करा. वरच्या उदाहरणात शस्त्रक्रियांचा निर्देशांक शून्य येतो. गरजेचा मात्र उणे ०.२ येतो: गुणाकारांची सरासरी १६, दुप्पट ३२, भागिले ४० म्हणजे ०.८, वजा १. वापराच्या निर्देशांकातून गरजेचा वजा केला की उरतो अधिक ०.२. ही तुमची खरी विषमता, श्रीमंतांच्या बाजूने झुकलेली.

आता तीन मेखा. पहिली, तुमची माहिती फक्त सरकारी रुग्णालयांची असेल तर खासगीत पैसे भरून शस्त्रक्रिया करून घेणारे तिच्यात नाहीत. मग श्रीमंत गटाचा वापर कमी दिसतो आणि चित्र उलटेही होऊ शकते. दुसरी, 'गरज' रुग्णाच्या तोंडी सांगण्यावर मोजली असेल तर ज्यांनी दुखणे वयाचा भाग म्हणून स्वीकारले आहे ते ती कमी सांगतात. तिसरी, राहत्या भागाचा वंचितपणा म्हणजे त्या घराचे उत्पन्न नव्हे. गरीब भागात सुस्थितीतली घरे असतात आणि उलटही. शक्य असेल तर घरनिहाय उत्पन्न किंवा घरातल्या वस्तूंवरून काढलेला निर्देशांक वापरा.

प्रश्न: खरे सांगायचे तर कमी शिकलेले लोक ऑपरेशनला घाबरतात, स्वतःच नको म्हणतात. त्याला व्यवस्था काय करणार?

हा समज डॉक्टरांतही आहे, म्हणून तो तपासला गेला. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या अभ्यासात (२००२) कमी उत्पन्नाच्या आणि कमी शिकलेल्या लोकांत सांधेबदलाची गरज जास्त आढळली. शस्त्रक्रियेची तयारी मात्र इतरांपेक्षा कमी नव्हती. त्याच प्रांतातल्या आणखी एका अभ्यासात (२०००) स्त्रियांची न भागलेली गरज पुरुषांच्या तुलनेत कितीतरी जास्त निघाली.

भीती असतेच, पण ती कशाची हे विचारून बघावे. बरेचदा तिच्यामागे साधा हिशेब असतो. बैठे काम करणारा ४ ते ६ आठवड्यांत कामावर परततो. उभ्याने किंवा जड काम करणाऱ्याला १२ आठवडे तरी धरावे लागतात, आणि काही कामे नंतर करूच नयेत असे सांगितले जाते. तीन महिने घरात पैसा येणार नाही आणि नंतरही जुने काम मिळेल याची खात्री नाही, अशा माणसाचे 'नको' हे अडाणीपणाचे लक्षण नाही. त्याला शस्त्रक्रियेच्या फायद्यांवर व्याख्यान देण्याऐवजी रजेचा दाखला, हलक्या कामाची लेखी शिफारस आणि हंगाम सांभाळून तारीख द्यावी. 'नको'चे 'हो' व्हायला तेवढेही पुरते.

प्रश्न: डॉक्टर पाच मिनिटांत उठवतात. काय सांगितले म्हणजे ते गंभीरपणे घेतील?

'फार दुखते' याने फारसे हलत नाही. पुढील गोष्टी कागदावर लिहून न्या: न थांबता किती मिनिटे चालता येते, रात्री दुखून किती वेळा जाग येते, जिना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत चढता का, कोणती वेदनाशामक गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती आणि किती महिन्यांपासून, कोणते काम सोडावे लागले, आणि घरात तुमच्यावर कोण अवलंबून आहे.

शेवटचा मुद्दा भावनिक वाटेल, पण तो निकषांतही बसतो. न्यूझीलंडने १९९०च्या दशकात रांग लावण्यासाठी गुणपद्धत आणली. तिच्यात १०० पैकी ४० गुण वेदनेला, २० दैनंदिन हालचालींना, २० सांध्याच्या हालचालीला आणि वाकडेपणाला, आणि २० इतर बाबींना होते. काम करण्याची, कुणाचा सांभाळ करण्याची, स्वतंत्र राहण्याची क्षमता धोक्यात आहे का, हा विचार त्या शेवटच्या २० गुणांत केला जाई.

अनेक ठिकाणी ऑक्सफर्ड स्कोअर नावाची प्रश्नावली भरून घेतात. गेल्या चार आठवड्यांबद्दल १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८; जितके कमी तितकी अवस्था वाईट. यातले प्रश्न गाडीत चढण्या-उतरण्याबद्दल, स्वतः खरेदी करण्याबद्दल असतात. 'हे आपण करतच नाही' म्हणून लोक ते रिकामे सोडतात. दोनपेक्षा जास्त प्रश्न रिकामे असतील तर एकूण गुण धरता येत नाहीत आणि अर्ज तसाच पडून राहतो. गाडी नसेल तर बसमध्ये चढण्याचा विचार करून उत्तर द्या. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या, पण उत्तर तुमचेच असू द्या. सोबतचा नातेवाईक सवयीने 'तसं ठीक आहे हो त्यांचं' म्हणून चार गुण वाढवून ठेवतो.

प्रश्न: वजन जास्त आणि मधुमेह आहे म्हणून नाव यादीत घेत नाहीत. 'आधी आटोक्यात आणा' एवढेच सांगतात. हे योग्य आहे का?

यात अर्धे वैद्यकशास्त्र आहे आणि अर्धी सोय. दोन्ही वेगळे करून पाहावे लागते.

आधी वैद्यकशास्त्र. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४०च्या वर गेला की जखम न भरण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका स्पष्टपणे वाढतो. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचा बीएमआय ४० म्हणजे वजन सुमारे १०२ किलो. ३५ म्हणजे सुमारे ९० किलो. ३५ ते ४० मधल्या रुग्णांची वेदना शस्त्रक्रियेने चांगलीच कमी होते, म्हणून ३५लाच दार लावण्याचे समर्थन अवघड आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ म्हटले आहे, की वय, लिंग, धूम्रपान, इतर आजार किंवा लठ्ठपणा या कारणावरून तज्ज्ञाकडे पाठवणेच नाकारू नये. हे वाक्य नीट वाचा: तज्ज्ञाने धोका तोलून 'आत्ता नको' म्हणणे वेगळे आणि तज्ज्ञापर्यंत पोचूच न देणे वेगळे.

मधुमेहात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची एक चाचणी) साधारण ८ ते ८.५ टक्क्यांच्या खाली असावे असे बहुतेक ठिकाणी पाहतात. हिमोग्लोबिन १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी कारण शोधून लोह भरून काढतात. धूम्रपान किमान ४ आठवडे आधी थांबवायचे. किडलेला दात, पायाच्या बोटांमधली चिखली, कातडीवरची फोड किंवा जखम यांवर आधी उपचार. आणि त्याच सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर निदान ३ महिने थांबायचे, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ही अट फार थोड्यांना माहीत असते. तारीख जवळ आल्यावर 'तेवढ्यापुरते' इंजेक्शन घेतले जाते आणि तारीख हातची जाते.

आता उत्पन्नाचा भाग. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, म्हणजे ते लगेच खाली येत नाही. ज्याला पैसे टाकून आहारतज्ज्ञ आणि आठवड्याभरात तपासणी मिळते तो एका फेरीत पार होतो. दुसऱ्याला पुढची वेळ चार महिन्यांनी मिळते. तोवर रक्ताचा अहवाल जुना झालेला असतो, पुन्हा काढा म्हणतात, तेव्हा हिमोग्लोबिन घसरलेले असते, आणि येरे माझ्या मागल्या. दुखऱ्या गुडघ्याने चालता येत नाही म्हणून वजन उतरत नाही, हे तर वेगळेच.

यातून मार्ग काढायचा तर चिठ्ठी मिळण्याची वाट न पाहता हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी पहिल्याच भेटीत तपासून घ्या, म्हणजे उपचार आणि रांग बरोबरीने चालतील. 'आटोक्यात आणा' म्हटल्यावर चार गोष्टी लिहून मागा: नेमका आकडा किती हवा, तो गाठायला मदत कोण करणार, पुन्हा तपासणी कोणत्या तारखेला, आणि तोवर नाव यादीत राहणार की नाही. तोंडी नकाराला दाद मागता येत नाही. लेखी नकारावर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते.

प्रश्न: कर्ज काढून महागडा 'हाय फ्लेक्स' सांधा आणि रोबोटने शस्त्रक्रिया करावी का? साधा सांधा घेतला तर लवकर झिजेल असे सांगतात.

नको. असे ठाम उत्तर या सदरात क्वचितच देता येते.

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचे मुख्य भाग चार: मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारी धातूची टोपी, बहुधा कोबाल्ट-क्रोमची, नडगीच्या हाडावरचा धातूचा पाट, दोहोंमधला पॉलिथिलीन या प्लास्टिकचा तुकडा, आणि गरज पडल्यास वाटीच्या मागची प्लास्टिकची चकती. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकलेले होते, खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. आज ज्यांना २५ वर्षे झाली ते सांधे त्या काळातले साधेच होते. जास्त वाकणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सांध्यांच्या तुलनात्मक चाचण्यांत रुग्णाला जाणवेल असा फायदा दिसलेला नाही. रोबोटने हाडाचे काप जास्त अचूक येतात हे खरे, पण त्यामुळे सांधा अधिक वर्षे टिकतो हे अजून सिद्ध व्हायचे आहे. नवे आणि महाग ते चांगलेच असे नसते, याचा धडा धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांनी दिला. त्यातला एक बहुचर्चित प्रकार २०१० साली जगभरातून परत मागवावा लागला.

खरा फरक पडतो तो शल्यविशारदाच्या हाताने. ऑन्टारिओतल्या २०१४च्या अभ्यासात वर्षाला ३५ पेक्षा कमी खुबे बदलणाऱ्यांच्या रुग्णांत गुंतागुंत जास्त दिसली. म्हणून विचारा: हीच शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? छेद घेण्याआधी तासाभराच्या आत प्रतिजैविक देता का? या कंपनीचा हाच सांधा सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदवहीत किती वर्षे टिकलेला दिसतो? इंग्लंड-वेल्सची नोंदवही २००३ पासून आहे, स्वीडनची गुडघ्यांची तर १९७५ पासून; त्यांचे अहवाल कुणालाही वाचता येतात.

कर्जाबद्दल. आरोग्यावरचा स्वतःच्या खिशातला खर्च घरखर्चाच्या १० टक्क्यांवर गेला की संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या मोजमापात २०२५ पर्यंत तो मोठा धरला जाई, २५ टक्क्यांवर गेला की त्याहून गंभीर. हिशेब करताना सांध्याबरोबर बुडणारा रोजगार, सोबत राहणाऱ्याचा रोजगार, जाणे-येणे आणि फिजिओथेरपीही धरा. महागड्या सांध्यावर वाचलेले पैसे इथे लागतात. आणि घरी जाताना सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर, म्हणजे कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असलेले, कार्डावर चिकटवून मागून घ्या. पुढे कधी एखादा भाग बदलायचा झाला तर त्या स्टिकरवाचून शल्यविशारदाला अंदाजाने काम करावे लागते आणि खर्च वाढतो.

प्रश्न: दोन्ही गुडघे एकदम केले तर खर्च आणि रजा वाचते ना?

वाचते. एकच भूल, एकच दाखल होणे, एकच रजा. पण रक्त जास्त जाते आणि हृदय-फुप्फुसांवर ताण वाढतो. वय ७५च्या पुढे, हृदयविकार, फुप्फुसाचा आजार, तीव्र लठ्ठपणा यांपैकी काही असेल तर पैशासाठी हा धोका घेऊ नये. निरोगी आणि दोन्ही गुडघे सारखेच खराब असलेल्यांनी तज्ज्ञाशी बोलून ठरवावे. घरी पहिले दोन आठवडे सतत कुणी सोबत नसेल तर सरळ विसरा. टेकायला एकही धड पाय नसतो.

प्रश्न: एका शिबिरात मोफत सांधा बदलून देतात. घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, पण पाच प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत. शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात आणि कोण करणार? सांध्याची कंपनी कोणती, आणि तिचे भाग पुढे मिळतील का? तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पाणी आले तर कुठे यायचे आणि तो खर्च कुणाचा? सहा आठवडे आणि एक वर्षानंतरची तपासणी कोण करणार? कागदपत्रे आणि एक्स-रे तुमच्या हाती देणार का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर नाव काढून घ्या. संसर्ग झालेला सांधा पुन्हा उघडून बदलायचा खर्च आणि त्रास पहिल्या शस्त्रक्रियेहून कितीतरी मोठा असतो, आणि तो झेपणार नाही म्हणूनच तर माणूस शिबिरात आलेला असतो.

प्रश्न: शस्त्रक्रिया झाली, पण रोज फिजिओथेरपिस्ट परवडत नाही. गुडघा आखडेल का?

घरी नियमाने केले तर बहुतेकांचे भागते. नाइसच्या २०२०च्या सूचनाही आधी घरच्या घरी करायचे व्यायाम शिकवा आणि अडचण असणाऱ्यांना देखरेखीखालची फिजिओथेरपी द्या असेच सांगतात. म्हणजे घरी जाण्याआधी एकदा तरी नीट शिकवून घेणे हा तुमचा हक्क समजा.

जागेपणी दर तासाला घोटे १० वेळा वर-खाली. मांडीचा स्नायू आवळून ५ सेकंद धरायचा, १० वेळा, दिवसातून चारदा. टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवायचा, १० वेळा, तेवढ्याच फेऱ्या. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा १० मिनिटे सरळ होऊ द्यायचा, दिवसातून तीनदा. गुडघ्याखाली उशी मात्र कधीच नको. बरे वाटते म्हणून लोक ती ठेवतात आणि महिन्याभरात पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. काठी बऱ्या पायाच्या बाजूच्या हातात.

कोन मोजायला उपकरण लागत नाही. मांडी आडवी राहील अशा खुर्चीवर बसा. नडगी बरोबर उभी झाली की ९० अंश, टाच त्याहून मागे गेली की जास्त. दोन आठवड्यांत ९०च्या आसपास, सहा आठवड्यांत ११० हे लक्ष्य ठेवा. सहा आठवड्यांनीही ९० होत नसेल तर त्याच आठवड्यात शल्यविशारदाला गाठा. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय पहिल्या १२ आठवड्यांत बरा लागू पडतो, नंतर व्रण घट्ट होतात. पुढच्या नेमून दिलेल्या तारखेपर्यंत थांबू नका.

आणखी एक धोका आहे. आठवड्याभरानंतरही जखम ओली राहिली, लाली किंवा ताप आला तर माणूस जवळच्या डॉक्टरकडे जाऊन प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतो, कारण मोठे रुग्णालय लांब असते. गोळ्यांनी वरवर बरे वाटते आणि आत जंतू सांध्यावर थर धरून बसतात. नंतर सांध्यातले पाणी तपासले तरी जंतू सापडत नाहीत. सांध्यातले पाणी काढून तपासल्याशिवाय गोळी नाही, हे पक्के धरा. पहिल्या काही आठवड्यांत पकडले तर धुऊन आणि प्लास्टिकचा तुकडा बदलून सांधा वाचू शकतो. पोटरी सुजणे किंवा एकाएकी धाप लागणे यासाठी मात्र वेळ न घालवता तातडीच्या विभागात जायचे.

प्रश्न: धोरण म्हणून नेमके काय केल्याने अंतर कमी झाल्याचा पुरावा आहे?

रांग सगळ्यांसाठीच आखूड करणे, याचा पुरावा बरा आहे. इंग्लंडमध्ये १९९७ ते २००७ या काळात गुडघा, खुबा आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठीची प्रतीक्षा खूप घटली आणि तिच्याबरोबर श्रीमंत-गरीब भागांतल्या प्रतीक्षेतला फरकही आटला. रांग लांब असते तेव्हा ओळख, पाठपुरावा, फोन आणि पत्रव्यवहार कामाला येतात, आणि ते ज्याला जमते तो पुढे सरकतो. अर्थात हा फरक यादीत नाव लागलेल्यांमधला. ज्यांचे नाव यादीत पोचलेच नाही त्यांच्याबद्दल तो काही सांगत नाही, आणि पहिल्या उत्तरातले अंतर मुख्यतः तिथेच पडते.

उलट परिणाम कसा होतो याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) एप्रिल २०१६ पासून काही महानगरांत सांधेबदल आणि नंतरचे ९० दिवस मिळून ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. खर्च जास्त झाला तर भार रुग्णालयावर. सुरुवातीच्या हिशेबात रुग्ण गरीब आहे का याला स्थान नव्हते. गरीब रुग्णाला घरी मदत कमी आणि पुन्हा दाखल होण्याची शक्यता जास्त, म्हणजे तो रुग्णालयाला तोट्याचा. २०२१च्या सुधारणेत वय, इतर आजार आणि कमी उत्पन्नामुळे मेडिकेडही (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) मिळते का, या गोष्टी दरात धरल्या गेल्या. त्याच मेडिकेअरने २०१८ पासून गुडघा बदलून त्याच दिवशी घरी पाठवण्याची मुभा दिली. ज्याच्या घरी जिना नाही, सांभाळायला माणूस आहे आणि वाहन आहे त्याला हे वरदान. बाकीच्यांना 'घरची व्यवस्था नाही' म्हणून बाजूला ठेवायला आणखी एक कारण मिळू शकते.

आम्हाला विचाराल तर लवकर भेटीची सोय, एकाच दिवशी एक्स-रे, रक्त आणि तज्ज्ञ, आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई या तीन गोष्टींवर पैसा आधी लावावा. कारण उशीर नंतर भरून निघत नाही. मॉन्ट्रियल आणि बॉस्टनच्या रुग्णांवरील १९९९च्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी ज्यांची हालचाल फार खालावली होती ते नंतर सुधारले खरे, पण सहा महिन्यांनीही वेळेवर आलेल्यांच्या पातळीला पोचले नाहीत.